शोभेच्या आणि गमतीच्या घरगुती वस्तूंचे सीमाशुल्क वर्गीकरण

आयात केलेली शोभेची, सणासुदीची किंवा करमणुकीची घरगुती वस्तू शुल्कदरपत्रकातील नेमक्या कोणत्या शीर्षाखाली येते हे ठरविण्याच्या कायदेशीर प्रक्रियेस त्या वस्तूचे सीमाशुल्क वर्गीकरण असे म्हणतात. वस्तूवर किती शुल्क आकारायचे, तिच्या आयातीस परवाना किंवा सुरक्षा-प्रमाणपत्र लागते काय, आणि ती कोणत्या व्यापारी करारातील सवलतीस पात्र आहे, हे सर्व या वर्गीकरणावर अवलंबून असते. तांदूळ, पोलाद किंवा कापूस यांसारख्या मालाच्या बाबतीत शीर्ष सहसा सहज सापडते. परंतु चेहऱ्याच्या आकाराचा पेला, गाणे वाजविणारी फुलदाणी, बाह्या असलेले पांघरूण किंवा कार्टूनमधील पात्राच्या आकाराची बाटली अशा वस्तू एकाच वेळी दोन-तीन शीर्षांत बसतात असे वाटते. त्यामुळे या वर्गातील वस्तूंवरून अनेक देशांत वाद झाले असून त्यांतील काही वरिष्ठ न्यायालयांपर्यंत पोहोचले आहेत.

पार्श्वभूमी

वस्तू म्हणजे मुळात काय, हा प्रश्न जकातीच्या निमित्ताने न्यायालयात येण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये निक्स विरुद्ध हेडन या खटल्यात टोमॅटो हे जकातीपुरते फळ नसून भाजी आहे असा निर्णय दिला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फळ असले, तरी लोकव्यवहारात ते जेवणात भाजी म्हणूनच वापरले जाते, हे न्यायालयाने ग्राह्य धरले. त्या काळी अमेरिकेत भाज्यांवर १० टक्के जकात होती आणि फळे करमुक्त होती.

१९२६ मध्ये शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांचे ‘बर्ड इन स्पेस’ हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्क बंदरात उतरले. कलाकृतींना जकात माफ होती. मात्र या गुळगुळीत, निमुळत्या आकारात अधिकाऱ्यांना पक्षी दिसेना, म्हणून त्यांनी तिला धातूची सामान्य वस्तू मानून ४० टक्के जकात आकारली. १९२८ मध्ये न्यायालयाने ती कलाकृती असल्याचे मान्य केले.

प्रत्येक देशाचे दरपत्रक वेगळे असल्यामुळे एकच वस्तू निरनिराळ्या बंदरांत निरनिराळ्या नावांनी नोंदली जात असे. ही अडचण दूर करण्यासाठी १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्स येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातून निर्माण झालेली वस्तुवर्णन व संकेतांकांची सामाईक प्रणाली १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिला ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ किंवा संक्षेपाने ‘एच.एस.’ म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटना ही प्रणाली सांभाळते आणि दर पाच-सहा वर्षांनी तिच्यात सुधारणा करते. २०० हून अधिक देश व आर्थिक क्षेत्रे ती वापरतात. भारताने १९८६ मध्ये आपले सीमाशुल्क दरपत्रक या प्रणालीच्या आधारे नव्याने रचले. ते सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेले आहे.

संकेतांकाची रचना

या प्रणालीत २१ विभाग आणि ९७ प्रकरणे आहेत. त्यांपैकी ७७ वे प्रकरण भविष्यातील वापरासाठी रिकामे ठेवलेले आहे. संकेतांकाचे पहिले दोन अंक प्रकरण, पहिले चार अंक शीर्ष आणि सहा अंक उपशीर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, ३९२६.४० या संकेतांकातील ३९ म्हणजे प्लॅस्टिकचे प्रकरण, ३९२६ म्हणजे प्लॅस्टिकच्या इतर वस्तूंचे शीर्ष आणि ३९२६.४० म्हणजे प्लॅस्टिकच्या लहान मूर्ती व शोभेच्या वस्तू. सहा अंकांपर्यंतचा भाग सर्व सदस्य देशांत सारखा असतो. त्यापुढील अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात एकूण आठ अंक वापरले जातात, तर अमेरिकेत दहा. शुल्काचा दर मात्र प्रत्येक देश स्वतः ठरवितो. म्हणजेच वस्तूचे नाव आंतरराष्ट्रीय असते आणि तिच्यावरील शुल्क राष्ट्रीय असते.

अर्थनिर्वचनाचे सामान्य नियम

वर्गीकरण अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून प्रणालीच्या आरंभीच सहा नियम दिलेले आहेत. त्यांपैकी पहिले चार क्रमानेच लावावे लागतात. आधीच्या नियमाने उत्तर मिळत असेल तर पुढच्या नियमाकडे जाता येत नाही.

पहिला नियम: वर्गीकरण शीर्षांच्या शब्दांनुसार आणि विभाग व प्रकरणांच्या टिपांनुसार होते. प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात. बहुसंख्य वस्तूंचा निर्णय याच नियमाने लागतो.

दुसरा नियम: अपूर्ण किंवा सुटे भाग करून आणलेली वस्तू, तिला पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप आलेले असल्यास, पूर्ण वस्तूप्रमाणेच गणली जाते. एखाद्या पदार्थाच्या उल्लेखात त्याच्या मिश्रणांचाही समावेश होतो.

तिसरा नियम: वस्तू दोन किंवा अधिक शीर्षांत बसत असेल, तर अधिक नेमके वर्णन करणारे शीर्ष निवडावे. तेवढ्याने भागत नसल्यास वस्तूला मूलभूत स्वरूप देणारा घटक पाहावा. तेही शक्य नसल्यास अंकानुक्रमाने शेवटी येणारे शीर्ष घ्यावे.

चौथा नियम: कोठेच न बसणारी वस्तू तिच्याशी सर्वांत अधिक साम्य असलेल्या वस्तूच्या शीर्षात घालावी.

पाचवा नियम: वस्तूसाठी खास बनविलेली पेटी किंवा वेष्टन सहसा त्या वस्तूबरोबरच वर्गीकृत होते.

सहावा नियम: शीर्ष ठरल्यावर उपशीर्ष निवडतानाही हीच तत्त्वे लावावीत.

घरगुती वस्तूंच्या संदर्भात तिसरा आणि पाचवा हे नियम विशेष महत्त्वाचे ठरतात. केस कापण्याचे विजेचे यंत्र, कंगवा, कात्री, ब्रश आणि टॉवेल एकाच चामडी पेटीत विक्रीस ठेवले असतील, तर तो एक ‘संच’ मानला जातो आणि त्याला मूलभूत स्वरूप देणाऱ्या यंत्राच्या शीर्षात जातो. संच ठरण्यासाठी त्यातील वस्तू एकाच गरजेसाठी एकत्र आणलेल्या असाव्या लागतात आणि त्या पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला विकता येण्याजोग्या असाव्या लागतात. याउलट, मद्याच्या दोन वेगवेगळ्या प्रकारांच्या बाटल्या एका खोक्यात घातल्याने संच होत नाही. वेष्टनाच्या नियमालाही मर्यादा आहे. मिठाई भरलेले शोभिवंत चिनी मातीचे भांडे किंवा चहा भरलेला चांदीचा डबा यांत भांड्याचे महत्त्व स्वतंत्र असते. म्हणून भांडे आणि आतील पदार्थ यांचे वर्गीकरण वेगवेगळे होते.

प्रमुख गट

साहित्यानुसार वर्गीकृत होणाऱ्या शोभेच्या वस्तू. घर सजविण्यासाठीच्या लहान मूर्ती व शोभेच्या वस्तूंसाठी एकच शीर्ष नाही. ती वस्तू कशाची बनली आहे यावर तिचे स्थान ठरते. प्लॅस्टिकची मूर्ती ३९२६ मध्ये, लाकडाची ४४२० मध्ये, प्लास्टर ऑफ पॅरिसची ६८०९ मध्ये, चिनी मातीची किंवा इतर भाजलेल्या मातीची ६९१३ मध्ये आणि लोखंड, पितळ यांसारख्या सामान्य धातूंची ८३०६ मध्ये येते. त्यामुळे एकाच आकाराच्या आणि एकाच देवतेच्या पाच मूर्ती पाच वेगवेगळ्या प्रकरणांत जाऊ शकतात.

उपयोगी की शोभेची. चिनी मातीच्या वस्तूंत हा भेद सर्वांत ठळक दिसतो. जेवणाची व स्वयंपाकाची भांडी ६९११ किंवा ६९१२ मध्ये येतात, तर शोभेच्या वस्तू ६९१३ मध्ये. प्रणालीच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत यासाठी एक व्यावहारिक कसोटी दिलेली आहे. नक्षीदार भांडे साध्या भांड्याइतकेच कार्यक्षमतेने आपले काम करीत असेल, तर ते भांडेच राहते. पेल्याला मांजराचे कान असले तरी त्यातून चहा नीट पिता येत असेल, तर तो पेलाच ठरतो.

खेळणी. ९५०३ या शीर्षात मुलांच्या किंवा मोठ्यांच्या करमणुकीसाठी असलेली खेळणी येतात. प्लॅस्टिक, चिनी माती इत्यादी प्रकरणांच्या टिपांनी ९५ व्या प्रकरणातील वस्तू स्पष्टपणे वगळल्या आहेत; म्हणून प्लॅस्टिकचे खेळणे प्लॅस्टिकच्या प्रकरणात जात नाही. केवळ प्राण्यांसाठीच बनविलेली ‘खेळणी’ मात्र ९५०३ मध्ये येत नाहीत. कुत्र्याने चावण्यासाठी केलेले हाड कितीही खेळण्यासारखे दिसले, तरी ते आपापल्या योग्य शीर्षातच जाते.

सणाच्या व चेष्टेच्या वस्तू. ९५०५ या शीर्षात सण, कार्निव्हल व करमणुकीच्या वस्तू, तसेच जादूचे खेळ आणि चेष्टेच्या वस्तू येतात. शिंका आणणारी पूड आणि पाणी उडविणारे कोटावरचे फूल ही त्यांची उदाहरणे स्पष्टीकरणात्मक टिपांत दिलेली आहेत. कृत्रिम नाताळवृक्ष, पताका, माळा आणि कागदी चिनी कंदील यांचाही समावेश येथे होतो; महाराष्ट्रातील कागदी आकाशकंदिलाशी यांचे जवळचे साम्य आहे. विजेच्या दिव्यांच्या माळा मात्र ९४०५ या दिव्यांच्या शीर्षात, मेणबत्त्या ३४०६ मध्ये आणि प्रार्थनास्थळांच्या सजावटीच्या मूर्ती त्यांच्या साहित्यानुसार अन्यत्र जातात. या शीर्षात नाताळच्या वस्तूंना स्वतंत्र उपशीर्ष (९५०५.१०) असून इतर सर्व सणांच्या वस्तू ‘इतर’ या उपशीर्षात (९५०५.९०) एकत्र येतात.

संगीत वाजविणाऱ्या वस्तू. संगीतपेट्यांसाठी ९२०८ हे शीर्ष आहे. परंतु घड्याळ, फुलदाणी किंवा चिनी मातीची बाहुली यांत संगीताची यंत्रणा बसविल्याने ती संगीतपेटी होत नाही. अशी वस्तू संगीत नसते तर ज्या शीर्षात गेली असती, त्याच शीर्षात राहते.

गाजलेले वाद

बाहुली की खेळणे. अमेरिकेत एके काळी बाहुल्यांवर १२ टक्के, तर इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होते. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, अशी कायद्यातील समजूत होती. ‘एक्स-मेन’ या चित्रकथेतील पात्रांच्या प्रतिकृती आणणाऱ्या टॉय बिझ या कंपनीने ही पात्रे माणसे नाहीत, असा युक्तिवाद केला. २००३ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने तो मान्य केला. नखे, पंख व अमानवी शक्ती असलेल्या या प्रतिकृती बाहुल्या नसून खेळणी आहेत, असे ठरले. कथेत ही पात्रे माणूस म्हणून मान्यता मिळावी यासाठी झगडत असल्यामुळे या निर्णयाने वाचकांत बरीच चर्चा झाली. पुढे २००७ च्या सुधारणेत बाहुल्यांचे स्वतंत्र शीर्ष (९५०२) रद्द करून ते ९५०३ मध्ये विलीन करण्यात आले.

पांघरूण की कपडा. ‘स्नगी’ नावाचे बाह्या असलेले लोकरीसारखे पांघरूण सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कपडा ठरवून त्यावर १४.९ टक्के शुल्क लावले. पांघरुणावर शुल्क ८.५ टक्के होते. अधिकाऱ्यांनी त्याची तुलना पाद्र्यांच्या व पदवीदानाच्या झग्यांशी केली. २०१७ मध्ये न्यायालयाने हे अमान्य केले. ही वस्तू पाठीमागून पूर्ण उघडी आहे, तिला बंद करण्याची सोय नाही आणि ती पांघरूण म्हणूनच विकली जाते, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. केवळ बाह्या असल्याने पांघरुणाचा कपडा होत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

सणाची वस्तू म्हणजे काय. अमेरिकेत सणाच्या वस्तू करमुक्त असल्याने या व्याख्येवरून दीर्घकाळ वाद चालला. १९९७ मध्ये मिडवेस्ट ऑफ कॅनन फॉल्स या खटल्यात अपील न्यायालयाने कसोटी घालून दिली. वस्तूचा विशिष्ट सणाशी निकटचा संबंध हवा आणि तिचा वापर किंवा मांडणी मुख्यतः त्या सणातच होत असावी. २००३ मध्ये याच तर्काने नाताळची चित्रे असलेले टेबलावरचे कापडही सणाची वस्तू ठरले. त्यामुळे सणाचे चित्र छापून कोणतेही गृहोपयोगी कापड करमुक्त करून घेण्याची वाट मोकळी झाली. २००७ पासून ९५ व्या प्रकरणात नवी टीप आली. तिच्यानुसार ताटे-वाट्या, स्वयंपाकाची भांडी, गालिचे, कपडे, चादरी यांसारख्या उपयोगी वस्तू सणाच्या असल्या तरी साहित्यानुसारच वर्गीकृत होतात. अमेरिकेने विशिष्ट धार्मिक किंवा सांस्कृतिक विधीत वापरल्या जाणाऱ्या अशा वस्तूंसाठी स्वतंत्र सवलत ठेवली. परंतु नाताळ व थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठीची सजविलेली भांडी त्या सवलतीत बसत नाहीत, असे अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले. सणाचे कौटुंबिक जेवण हा त्या अर्थाने विधी नव्हे.

पोशाखांच्या बाबतीतही असाच भेद झाला. २००३ मध्ये हॅलोविनचे पातळ, स्वस्त आणि तात्पुरत्या वापराचे पोशाख सणाच्या वस्तू ठरले. २०१९ मध्ये मात्र नीट शिवलेला आणि पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगा सांताक्लॉजचा सदरा व विजार कपडे म्हणूनच गणली गेली. दोन्ही प्रकरणांत एकच कंपनी पक्षकार होती. निर्णय वेगळे आले ते शिवणकाम आणि टिकाऊपणा यांमुळे.

कोडे की खेळ. भारतात ‘स्क्रॅबल’ हा शब्दखेळ कोडे व शैक्षणिक खेळण्यांच्या शीर्षात (९५०३) येतो की पटावरील खेळांच्या (९५०४), असा प्रश्न मुंबईतील केंद्रीय उत्पादनशुल्क आयुक्तांच्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. वाद उत्पादनशुल्काचा होता. परंतु तेथील दरपत्रकही याच प्रणालीवर आधारलेले होते. २००९ मध्ये न्यायालयाने तो खेळ असल्याचा निर्णय दिला. शब्दकोड्यात सूचक माहिती दिलेली असते आणि उत्तर ठरलेले असते. स्क्रॅबलमध्ये तसे काही नसून निकाल खेळाडूंच्या कौशल्यावर अवलंबून असतो, असा भेद त्यामागे होता.

भारतातील कार्यपद्धती

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार आयातदार मालासाठी ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल करतो. २०११ पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण लागू असल्याने वर्गीकरण प्रथम आयातदारालाच करावे लागते. अधिकारी त्याची पडताळणी करतात. माहिती अपुरी असल्यास तात्पुरते निर्धारण करून माल सोडता येतो. वर्गीकरण अमान्य झाल्यास आयुक्त (अपील), त्यानंतर सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरण आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय असा अपिलाचा मार्ग आहे. माल विशिष्ट शीर्षात येतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी महसूल खात्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. स्पष्टीकरणात्मक टिपा हा अर्थ लावण्याचा विश्वासार्ह आधार आहे, असेही त्याने १९९५ च्या वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणात नमूद केले.

माल मागविण्यापूर्वीच वर्गीकरण निश्चित करून घेण्यासाठी आगाऊ निर्णयाची सोय आहे. त्यासाठीची प्राधिकरणे २०२१ पासून मुंबई व नवी दिल्ली येथे कार्यरत आहेत. युरोपीय संघात अशा निर्णयास ‘बंधनकारक शुल्क माहिती’ म्हणतात. अमेरिकेत दिलेली निर्णयपत्रे सर्वांना पाहता येतील अशा संग्रहात प्रसिद्ध होतात.

परिणाम आणि टीका

वर्गीकरणाचा परिणाम केवळ महसुलापुरता मर्यादित नसतो. भारताने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे मानकचिन्ह असणे बंधनकारक झाले. त्यामुळे मुलांच्या हाती जाणारी वस्तू शोभेची म्हणून दाखविल्यास सरकारचे शुल्क तर बुडतेच. शिवाय रंगातील विषारी धातू, टोकदार कडा आणि गिळले जाण्याजोगे लहान भाग यांची तपासणीही टळू शकते. नियम पाळणारा व्यापारी अशा वेळी स्पर्धेत मागे पडतो. हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिल्यास पाच वर्षांपर्यंतच्या मागील शुल्काची मागणी, दंड आणि माल जप्ती अशी कारवाई होऊ शकते.

दुसऱ्या बाजूने, शुल्क कमी बसावे म्हणून वस्तूची रचनाच बदलणे बहुतेक देशांत बेकायदेशीर नाही. वस्तूचे वर्गीकरण ती आयात होताना ज्या स्थितीत असते त्या स्थितीनुसार होते. बदल खरा असेल तर नवे शीर्ष मिळणे हा आयातदाराचा हक्क ठरतो. बदल केवळ दिखाऊ असल्यास न्यायालये तो मान्य करीत नाहीत.

जवळजवळच्या दोन शीर्षांच्या दरांत मोठी तफावत असेल तर वाद अटळ असतात, अशी टीका या व्यवस्थेवर होते. प्रगत कायदेशीर सल्ला मोठ्या कंपन्यांना परवडतो, छोट्या व्यापाऱ्याला परवडत नाही. आगाऊ निर्णय आणि प्रसिद्ध निर्णयपत्रे यांनी ही दरी काही अंशी कमी होते. शीर्षे विलीन करणे हा दुसरा उपाय आहे. बाहुली आणि खेळणे एकाच शीर्षात आल्यानंतर, एखादी प्रतिकृती माणसाची आहे की नाही हा प्रश्न त्या शीर्षापुरता तरी संपला.